म्हातारा लाकडी रोलर कोस्टर कसा ओळखावा, आणि त्यात कसं बसावं

उन्हाळ्यात आमच्याकडे अमेरिकेत क्लीव्हलँडला पाहुणे आले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी विचारतंच, "ते लाकडाचं असतं ना ते, त्यात बसायचं का गं? मोडणार नाही ना?" तोवर नायगारा बघून झालेला असतो, पिट्सबर्गच्या बालाजीचं दर्शन झालेलं असतं. मग मी घेऊन जाते. वय ५८, मानेचा एक मणका झिजलेला, आणि तीसेक वर्षं मी या गाड्यांत बसतेय. वडिलांची चिपळूणला लाकडाची वखार होती, त्यामुळे गाडीआधी माझी नजर लाकडावर जाते. पाहुण्यांना दर वेळी तेच ते सांगावं लागतं, म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

आधी रोलर कोस्टर किती सालचा हे विचारणं सोडून द्या. पिट्सबर्गजवळ केनीवुड नावाच्या करमणुकीच्या पार्कात जॅक रॅबिट आहे, तो १९२० सालचा, आणि शंभरी ओलांडून धावतोय. आमच्यापासून तासाभरावर सीडार पॉइंट पार्कात मीन स्ट्रीक होता, १९९१ सालचा. १६१ फूट उंच, ताशी ६५ मैल. तो २०१६च्या सप्टेंबरात बंद झाला. पंचविशीतच दमला बिचारा. कारण सरळ आहे. लाकूड जुनं होतं म्हणून झिजत नाही, त्याच्यावर काय आदळतं त्यावर झिजतं. जॅक रॅबिट बेताच्या उंचीचा, दरीच्या उतारावर अंग टाकून बसलेला. मीन स्ट्रीकची गाडी दीडशे फुटांवरून खाली यायची तेव्हा तळाशी रुळावर तिचा भार कितीतरी पट व्हायचा, आणि तोही दिवसभर, दर दोन-चार मिनिटांनी. सागाची तुळईसुद्धा रोज घण मारले तर किती दिवस टिकेल?

आता रांगेत उभं असताना काय बघायचं ते सांगते. तास-दीड तास असतोच हाताशी.

गाडी गेली की सगळा सांगाडा हलतो, त्याला मुळीच घाबरू नका. पाहुण्यांची निम्मी भीती तिथेच असते. तो हलायलाच हवा. माड वाऱ्यात डोलतो म्हणून मोडतो का? उलट अजिबात न हलणारा लाकडी सांगाडा मला तरी भरवशाचा वाटणार नाही. काही ठिकाणी तर सांगाडा लाकडाचा नसतोच. न्यूयॉर्कला कोनी आयलंडचा सायक्लोन १९२७ सालचा. त्याचे खांब लोखंडी आहेत आणि रूळ लाकडी. तरी त्याला लाकडीच म्हणतात, कारण या गाड्यांची जात रुळावरून ठरते, खांबांवरून नाही.

म्हणून बघायचा तो रूळ. जाड फळ्या एकावर एक, सात-आठ थर, आणि सगळ्यात वर चपटी लोखंडी पट्टी. चाकं त्या पट्टीवरून धावतात. चाकांचे तीन संच असतात: एक वर, एक बाजूला आणि एक रुळाच्या खाली, गाडी उचलली जाऊ नये म्हणून. (पेनसिल्व्हेनियातल्या आल्टूनाचा लीप द डिप्स १९०२ सालचा, त्याला ही खालची चाकं नाहीतच. उंची ४१ फूट आणि चाल बैलगाडीपेक्षा थोडी बरी, त्यामुळे गरज पडली नाही.) आता होतं काय, उताराच्या तळाशी आणि त्याच्या पुढच्या वळणावर फळ्या दबतात. बोल्टांची भोकं सैल होतात, भोकात पाणी शिरतं, आणि लाकूड आतून मऊ पडायला लागतं. दोन रुळांमधलं अंतर थोडंसं फाकतं. सूतभर फाकलं तरी पुरे. मग गाडी सरळ जायचं सोडून या रुळाला धडक, त्या रुळाला धडक अशी जाते.

हे तुम्हाला खालून दिसतं. पहिला डबा बघू नका, शेवटचा बघा. तळाशी आल्यावर तो पुढच्या डब्यांच्या मागे मुकाट्याने गेला तर ठीक. शेपटी आपटल्यासारखा झटके देत गेला तर समजा, तिथे रूळ थकलाय. आत बसलेल्यांच्या मानाही बघा. सगळ्यांच्या माना एकाच जागी एकदम हलल्या, की ती जागा लक्षात ठेवा. स्वतः बसाल तेव्हा उपयोगी पडेल.

दुसरं बघायचं ते लाकडाचा रंग. जुना पाइन राखाडी पडतो. त्यात मधेच पिवळ्या, किंचित हिरवट झाक असलेल्या कोऱ्या फळ्या दिसल्या की पाहुणे म्हणतात, "बघा, ठिगळं लावलीयत." अहो, तीच तर चांगली खूण! म्हणजे हिवाळ्यात पार्क बंद असताना कुणीतरी तिथे बसून काम केलंय. वखारीत येणाऱ्या होडीवाल्यांना वडील विचारायचे, "गेल्या साली कुठली फळी बदलली?" त्यावर उत्तर नसलं तर ती होडी पाण्यात न्यायची नाही, असा त्यांचा नियम होता. मीही रोलर कोस्टरला तोच प्रश्न मनातल्या मनात विचारते. पूर्ण लांबीभर एकसारखा राखाडी रंग आणि एकही कोरी फळी नाही, असं दिसलं तर मी एकदाच बसते आणि तेही पुढे. पांढऱ्या रंगाचे पोपडे निघालेत का, याला मात्र फारसा अर्थ नाही. रंग दिखाऊही असतो.

पार्क उघडायच्या आधी पोचलात तर कधी कधी रुळावरून चालणारी माणसं दिसतात. चांगल्या पार्कात रोज सकाळी कुणीतरी सगळा रूळ पायी तपासतं, सैल बोल्ट आवळतं, निघालेला खिळा ठोकतं. हे दृश्य दिसलं की मी निम्मी निश्चिंत होते.

मग कान. चढावर टक-टक-टक असा आवाज येतो, तो नादुरुस्तीचा नव्हे. गाडी मागे घसरू नये म्हणून खाली खटके असतात, त्यांचा तो आवाज. तो बंद झाला तरच घाबरावं! खाली उतरताना एकसंध घरघर ऐकू आली तर बरं. सुटे सुटे धाड, धाड असे आवाज आले तर मघाच्या त्या फाकलेल्या रुळाची आठवण ठेवा.

आणि एक खूण फारसं कुणी सांगत नाही. पहिल्या, सगळ्यात मोठ्या उतारावरच ब्रेक बसवलेला असतो का ते बघा. वरून गाडी सुटते आणि मधेच कुणी पदर धरल्यासारखी अडखळते. मीन स्ट्रीकला असा ब्रेक होता. त्याचा अर्थ, पार्कलाच आता गाडी पूर्ण वेगात सोडायची नाहीये, रूळ जपायचा आहे.

आता बसायचं कुठे. ज्यांनी एसटीच्या मागच्या चाकावरच्या सीटवर बसून घाट उतरलाय त्यांना फार सांगावं लागू नये. इथेही तेच आहे. डब्यात तीन बाकं असतील तर पहिलं आणि तिसरं चाकांवर येतं, मधलं दोन्हीच्या मधे. मधलं पकडा. फरक इतका आहे की नवरा आणि मी एकाच डब्यात पुढेमागे बसून उतरलो, तर तो कंबर धरून आणि मी केस सारखे करत. दोनच बाकांचा डबा असेल तर मग पुढचा डबा बरा, कारण शेवटचा डबा उतारावर ओढला जातो आणि आदळतोही जास्त. गंमत मात्र मागेच आहे, हे खोटं बोलणार नाही.

बसल्यावर अंग ताठ करू नका. ही चूक सगळे करतात, मीही केली. काही वर्षांपूर्वी एका पार्कात (नाव सांगत नाही) एका थकलेल्या गाडीत मी दांडा घट्ट आवळून, पाठ मागे रेटून, दात दाबून बसले. तिसऱ्या वळणावर असा दणका बसला की डाव्या बरगडीवर पंधरा दिवस निळं वळ होतं, आणि जीभ चावली ती वेगळीच. तर पाठ बाकापासून दोन बोटं पुढे ठेवा. पाय दोन्ही जमिनीवर. गुडघे सैल. दांडा धरा, पण भाजीची पिशवी धरावी तसा, नदीत बुडताना धरावा तसा नाही. बाजूच्या लाकडाला खेटून बसू नका, मधे एक पंजा जागा सोडा. जबडा सैल, पण जीभ दातांच्या आत. ओरडायचं असेल तर तोंड उघडं राहणारच, त्यात काही वाईट नाही. झटके कुठे बसणार ते खालून हेरलेलं असतंच, तिथे कंबरेतून किंचित उचलल्यासारखं करा, खड्डा आला की स्कूटरवर करतो तसं.

वेळही बघावी लागते. सकाळी चाकांचं ग्रीस थंड असतं, गाडी आळसावलेली असते. मानेचं दुखणं असेल तर पहिल्या तासातच बसून घ्या. दुपार कलल्यावर ग्रीस पातळ होतं, गाडी मोकळी होते आणि संध्याकाळी तीच गाडी सुसाट सुटते. पावसाची सर येऊन गेल्यावर तर ओल्या पट्टीवरून अशी काही घसरते की विचारू नका. लाकूडही दमटपणात फुगतं. कोकणात श्रावणात दार लागत नाही, तसं. म्हणून कुणी म्हणालं, "आम्ही मे महिन्यात बसलो तेव्हा छान होता," तर ऑगस्टमध्ये तसाच लागेल असं धरून चालू नये.

गरोदर असाल, पाठीचं ऑपरेशन झालं असेल, रक्तदाबाची गोळी सकाळी विसरली असेल, तर खालीच थांबा. फोटो काढायलाही कुणीतरी लागतंच.

एवढं झाल्यावर हौशी माणसं विचारतात, मग थकलेल्या गाडीचं पुढे होतं काय? नशीब असेल तर तिला नवा रूळ मिळतो. सिनसिनाटीजवळच्या किंग्ज आयलंडचा बीस्ट १९७९ सालचा. २०२२च्या हंगामाआधी त्याचा दोन हजार फुटांहून जास्त रूळ नव्याने घातला. पहिल्या उताराचा कोनही ४५ अंशांवरून ५३ वर नेला. त्यानंतर बसलात तर म्हाताऱ्याने कवळी बसवून चकली खावी तसं वाटतं. मीन स्ट्रीकच्या जुन्या लाकडी सांगाड्यावर लोखंडी रूळ बसवला, २०१८ साली त्याचा स्टील व्हेंजन्स झाला, २०५ फुटांचा. भाच्याला तो जास्त आवडतो. मला विचाराल तर छान आहे, पण लाकडाची घरघर गेली ती गेलीच.

काहींना स्थलांतर लाभतं. पेनसिल्व्हेनियात एलिसबर्गच्या नोबेल्स पार्कातला फीनिक्स मूळचा टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचा, १९४७ सालचा. तिथलं पार्क बंद पडलं, मग तो फळी-फळी सुटा करून इकडे आणला आणि १९८५ साली पुन्हा उभा केला. आमच्याकडे कोकणातली जुनी घरं वासे मोजून दुसऱ्या गावी नेऊन उभी करत, तसंच. तिथे जाच. प्रवेश फुकट आहे, जेवढ्यांत बसाल तेवढ्यांचेच पैसे.

आणि काही नुसते उभे राहतात. ऑरोराच्या जिओगा लेकचा बिग डिपर १९२५ सालचा होता. पार्क २००७ साली बंद झालं आणि तो नऊ वर्षं तसाच उभा होता. मी त्या बाजूला गेले की गाडी हळू करून बघायचे. फळ्यांमधून झाडं वर आली होती, वेली चढल्या होत्या, एका टेकाडाचा रूळ मधेच खाली वाकला होता. २०१६च्या ऑक्टोबरात पाडला. म्हणजे मीन स्ट्रीक बंद झाला त्यानंतर साधारण महिनाभराने. कॉनिऑट लेकचा ब्लू स्ट्रीक १९३८ सालचा, तो २०२२च्या जानेवारीत पाडकाम चालू असताना आगीत गेला. असल्या बंद पार्कात कुंपण ओलांडून फोटो काढायला जाऊ नका. वरून धडधाकट दिसणारी फळी आतून भुसा झालेली असते आणि पाय सरळ आरपार जातो.

पहिल्यांदाच बसणार असाल तर जॅक रॅबिटपासून सुरुवात करा. तिथे लागोपाठ दोन पायऱ्यांचा ७० फुटांचा उतार आहे, आणि दुसऱ्या पायरीला मागच्या बाकावरचा माणूस खरोखर हवेत उचलला जातो. तिथे मागे बसलं तरी चालतं, रूळ चांगला सांभाळलाय. गेल्या वर्षी जाऊबाई आल्या होत्या, वय ६७, पंजाबी ड्रेस, ओढणी मी आधीच गाठ मारून माझ्या पर्समध्ये ठेवलेली. मागचंच बाक हवं म्हणाल्या. त्या दुसऱ्या पायरीला माझ्या शेजारून एकदम वर गेल्या, खाली आल्या, आणि गाडी थांबेपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. मी घाबरले. थांबल्यावर त्यांनी खाली वाकून दोन्ही पायांतल्या चपला तपासल्या आणि म्हणाल्या, "आहेत. चल, परत रांगेत."