भाड्याचं घर घेताना-देताना पैसे कुठे अडकतात, आणि अडकू नयेत म्हणून काय करायचं

मी दोन्ही बाजूंनी पोळलोय. भाडेकरू होतो तेव्हा बाथरूमच्या भिंतीची ओल माझ्या आधीपासूनची आहे हे मला दाखवता आलं नाही आणि डिपॉझिटमधून रंगाचे पैसे गेले, नंतर स्वतःचं घर भाड्याने दिलं तर पहिलाच भाडेकरू तीन महिन्यांचं लाईट बिल थकवून गेला आणि ते मला चावी हातात आल्यावर दहा दिवसांनी कळलं. दोन्ही वेळा समोरचा माणूस काही चोर नव्हता, लिहून काहीच ठेवलं नव्हतं एवढंच.

आधी टोकनचं, म्हणजे घर आपल्यासाठी धरून ठेवायला आगाऊ देतात त्या रकमेचं बघू. घर आतून बघितल्याशिवाय एक पैसा द्यायचा नाही. मालक परदेशात आहे, चावी कुरिअरने येईल, अजून दोघं मागे लागलेत म्हणून आजच टोकन पाठवा, आणि भाडं मात्र आजूबाजूपेक्षा बरंच कमी, हे सगळं एकत्र आलं की समजायचं फोटो कुठूनतरी उचललेत. घर बघितलं तरी दाखवणारा मालकच आहे का हे वेगळं तपासावं लागतं, कारण काही महाभाग स्वतः भाड्याने राहत असलेलं घर चार जणांना दाखवून चौघांकडून डिपॉझिट घेऊन पसार होतात. मालकीचा कागद किंवा घराच्या टॅक्सची पावती मागा, ओळखपत्रावरचं नाव जुळवा आणि पैसे त्याच नावाच्या खात्यात टाका, भावाच्या नाही की मेहुण्याच्या नाही. व्यवहार दुसरंच कोणी बघत असेल तर मुखत्यारपत्र दाखवायला सांगा, राग आला तर येऊ दे. घरावर लोन आहे का, हप्ते वेळेवर जातात का हेही विचारा, कारण बँकेने घर ताब्यात घेतलं तर डिपॉझिटसाठी तुम्ही अशा माणसाच्या मागे फिरणार ज्याच्याकडे हप्त्यालाच पैसे नव्हते.

मालकांचीही फसवणूक होते बरं का. पेमेंटचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नाहीत, खात्यात जमा दिसल्याशिवाय चावी द्यायची नाही. "चुकून जास्त गेले, वरचे परत पाठवा" असा मेसेज आला तर आधी खातं बघा, आणि पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही हे डोक्यात पक्कं ठेवा. भाडेकरूची चौकशी करताना आत्ताच्या मालकाला फोन करून फार उपयोग नाही, त्याला हा माणूस घालवायचा असेल तर तो कौतुकच करणार, त्याच्या आधीच्या मालकाला विचारा. भाडं पगाराच्या एक तृतीयांशाच्या आसपास असेल तर साधारण झेपतं, निम्म्यावर जात असेल तर माणूस कितीही चांगला असला तरी एखाद्या महिन्यात गाडी अडकणारच.

आता डिपॉझिट. समजा भाडं थांबलं, पहिला महिना "देतो देतो" मध्ये जातो, मग एक महिन्याची नोटीस, म्हणजे दोन महिने तिथेच गेले, वर बिलं आणि दुरुस्ती. म्हणून एकाच महिन्याचं डिपॉझिट मालकाला कमी पडतं, आणि फार मोठं घेतलं तर भाडेकरूची सगळी रक्कम एका माणसाच्या शब्दावर अडकते. इंग्लंडमध्ये २००७ पासून बहुतेक खाजगी भाडेकरारांत हे पैसे सरकारमान्य योजनेत संरक्षित करावे लागतात, जर्मनीत डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि मालकाने ते स्वतःच्या पैशांपासून वेगळं ठेवायचं असतं. अशी सोय नसेल तरी मालकाने वेगळं खातं ठेवायला काय हरकत आहे, नाहीतर पैसे घरखर्चात जातात आणि परत द्यायची वेळ आली की नवा भाडेकरू मिळेपर्यंत थांबा असं ऐकावं लागतं. शेवटच्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायची पद्धत दोघांना सोयीची वाटते पण तेव्हाच तर दुरुस्तीसाठी पैसे हातात असायला हवे असतात, मी तरी नाही म्हणतो.

अ‍ॅग्रीमेंटमध्ये भाड्याचा आकडा सगळेच लिहितात. राहून जातं ते हे: डिपॉझिट किती दिवसांत परत, कशाकशाचे पैसे कापता येतील आणि बिल दाखवायचं की नाही, लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या काळाआधी करार मोडता न येणं, एकालाच आहे की दोघांना, मोठी दुरुस्ती कोणाची, घर मध्येच विकलं तर डिपॉझिट कोण देणार. मित्र मिळून राहणार असाल तर एक गेल्यावर त्याचं भाडं कोण भरणार हे नीट वाचा, बऱ्याचदा सगळे मिळून पूर्ण भाड्याला जबाबदार असतात आणि सही करताना कोणाच्या लक्षात येत नाही.

चावी घ्यायच्या दिवशी मात्र एक तास काढाच. सामान आत यायच्या आधी दोघांनी मिळून घरभर व्हिडिओ काढायचा, नळ सोडून, फ्लश करून, गीझर लावून, कपाटं उघडून, डाग आणि तडे जवळून, मीटरचं रीडिंग, किती चाव्या दिल्या ते, आणि तो त्याच दिवशी एकमेकांना पाठवून ठेवायचा. माझ्याकडे असा पाच मिनिटांचा व्हिडिओ असता तर त्या ओलीवरून वादच झाला नसता. रंगाचा हिशोबही सरळ आहे, रंग पाच वर्षं टिकतो असं धरलं आणि भाडेकरू चार वर्षं राहिला, तर भिंत त्याने खराब केली असली तरी त्याच्याकडून फार तर पाचवा हिस्सा घ्यावा, अख्खा रंग नाही. वापराने होणारी झीज भाड्यातच आली.

मधल्या काळात फार काही नाही. भाडं खात्यात टाका आणि रिमार्कमध्ये महिना लिहा, कॅश दिली तर पावती घ्याच. दुरुस्तीला आधी मेसेज, होकार, मग खर्च. परस्पर भाड्यातून कापलं की भांडण सुरू. आणि मालकाचा घराचा इन्शुरन्स सहसा तुमच्या लॅपटॉप-कपड्यांचा नसतो, तो तुम्ही वेगळा बघायचा. मालकाने घर भाड्याने दिल्याचं इन्शुरन्स कंपनीला कळवायचं, नाहीतर क्लेमच्या वेळी अडचण.

सोडताना पहिल्या दिवशीचा व्हिडिओ उघडून खोलीखोलीत एकत्र फिरा. शेवटचं बिल यायचं असेल तर रीडिंग घेऊन अंदाजाने तेवढीच रक्कम मागे ठेवायची, एका बिलासाठी सगळं डिपॉझिट अडवायचं नाही. कापलेले पैसे कशाचे ते एका मेसेजमध्ये लिहून घ्या, बाकीचे खात्यात आले की चावी द्या, आणि मालकांनी पुढच्या भाडेकरूच्या आधी कुलूप बदला, कारण चावीच्या कॉपी कोणी मोजत नाही.