आडव्या बाटलीचं गणित: गावातलं दारू दुकान मतदानानं बंद करायचं तर

सामान्य मतदाराला शहाणपण किती, यावर शहरात रात्ररात्र वाद रंगतात. खेड्यातल्या बायकांपुढे महाराष्ट्र सरकारनं 2008 च्या आदेशानं हा प्रश्न वेगळ्या रूपात ठेवला आहे. गावातलं सरकारमान्य दारू दुकान चालू ठेवायचं की बंद करायचं? मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली म्हणजे चालू आणि आडवी बाटली म्हणजे बंद. सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यात या वाटेनं दुकानं बंद झाली. बऱ्याच गावांत मात्र बायका तयार असूनही बाटली उभीच राहिली. तिथे समज कमी पडली असं सहसा नसतं, हिशोब चुकलेला असतो.

म्हणून आधी हिशोब. नियमातले दोन आकडे पाठ करा. अर्जावर गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान 25 टक्के जणींच्या सह्या लागतात. सगळ्या मतदारांचं मतदान मागायचं असेल तर एकूण मतदारांच्या 25 टक्के. आणि दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, यादीच्या निम्म्याहून जास्त. सगळी मेख इथे आहे. जी बाई आली नाही तिचं मत उभ्या बाटलीला पडल्यासारखंच, बाद मतही तसंच. यादीत राहून गेलेली मयत आजीसुद्धा दुकानदाराच्या बाजूनं मोजली जाते.

समजा यादीत 1,240 बायका आहेत. सह्या हव्यात 310, आडवी मतं हवीत 621. आता यादीतल्या 180 जणी मयत, सासरी गेलेल्या किंवा पुण्या-मुंबईला कायमच्या राहायला गेलेल्या निघाल्या, तर गावात उरल्या 1,060. त्यांतल्या पाऊणशे टक्के, म्हणजे 795 जणी मतदानाला आल्या, तर त्यांतल्या 621 जणींनी आडवीवर शिक्का मारायला हवा. हे झाले 78 टक्के. एरवी कुठल्याही निवडणुकीत एवढी मतं पडली तर गुलाल कमी पडेल, इथे मात्र ती जेमतेम पुरतात.

यावरून कामाचा क्रम ठरतो. पहिलं काम यादीचं, सह्यांचं नंतर. मतदार यादीची ताजी प्रत घ्या आणि गल्लीवार वाटून घरोघर ताडून पाहा. प्रत्येक नावापुढे एक खूण करा: हजर, मयत, लग्न होऊन गेलेली, कामासाठी बाहेर, दुबार नाव. मयत, दुबार आणि कायमची गेलेली नावं वगळायला फॉर्म 7, अठरा पूर्ण झालेल्या मुलींची आणि आधी कुठल्याच यादीत नसलेल्या सुनांची नावं घालायला फॉर्म 6, सुनेचं माहेरच्या यादीतलं नाव इकडे आणायला आणि पत्ता किंवा नाव दुरुस्तीला फॉर्म 8. हे सगळं बीएलओमार्फत (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी) किंवा ऑनलाइन होतं. वरच्या उदाहरणात 90 नावं रीतसर कमी झाली, तर यादी 1,150 वर येते आणि 576 मतं पुरतात. म्हणजे 45 मतांची बचत प्रचाराचा एक शब्द न बोलता झाली. पण ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या बाईसाठी फॉर्म 7 भरू नका. ती गावचीच रहिवासी आहे. तिचं नाव काढणं अन्याय आहेच, शिवाय खोटं निवेदन करणं हा गुन्हा आहे. नावं वगळण्याची प्रक्रिया वेळ खाते, म्हणून अर्जाआधी निदान दोन-तीन महिने हाताशी ठेवा. मतदानासाठी कोणत्या तारखेची यादी धरणार, हे कार्यालयाकडून लेखी घ्या.

महिलांचं मतदान मागायचं की सगळ्यांचं? आमचं मत सरळ आहे: महिलांचं मागा. पुरुषांना यातलं कळत नाही असं नाही. पण दुकानाचा खर्च ज्या डब्यातून जातो तो डबा कोणाच्या हातात असतो, हे ज्याला त्याला ठाऊक आहे, आणि ज्या विषयाचा रोजचा अनुभव आहे त्यावर माणूस शहाणपणानं मत देतो. ज्या पुरुषांना दुकान नको आहे, त्यांनी त्या दिवशी गाड्या काढाव्यात आणि पोरं सांभाळावीत.

आता सह्या. कागदावर सहा रकाने आखा: अनुक्रमांक, यादीचा भाग क्रमांक, यादीतला क्रमांक, यादीत छापलंय तसं पूर्ण नाव, मतदान कार्डाचा नंबर, सही किंवा अंगठा. चौथा रकाना महत्त्वाचा. बाई सही करते सासरच्या नावानं आणि यादीत माहेरचं नाव असतं, किंवा घरात सगळे जनाबाई म्हणतात आणि यादीत जनाबाई कुठेच नसते. अशा सह्या पडताळणीत गळतात. अंगठा असेल तर शेजारी नाव लिहून ओळखणाऱ्या साक्षीदाराची सही घ्या. घरातल्या एकीनं चौघींच्या सह्या ठोकल्या की हस्ताक्षर सारखं दिसतं आणि दुकानदाराच्या वकिलाला आयतं कोलीत मिळतं.

310 लागतात म्हणून 310 वर थांबू नका, 450 गोळा करा. अर्ज गेल्यावर अधिकारी गावात येऊन सह्या करणाऱ्या बायकांना समोर बोलावून पडताळणी करतात, आणि बऱ्याच मोहिमा मतदानापर्यंत न पोचता इथेच बसतात. पडताळणीचा दिवस नेमका खुरपणीचा निघतो. काही जणींना आदल्या रात्री घरातून दम मिळतो. काही जणी ओळखपत्र विसरतात. म्हणून प्रत्येक गल्लीला एक बाई नेमा. तिच्याकडे पंधरा-वीस नावांची चिठ्ठी द्या. कार्ड आदल्या दिवशीच पदराला किंवा पिशवीत बांधून ठेवायला लावणं हे तिचं काम.

अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षकांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा, प्रत तहसीलदारांना. अर्जात गावातल्या प्रत्येक दुकानाचा प्रकार लिहा: देशी दारूचं दुकान, बिअर शॉपी, परमिट रूम, वाइन शॉप. पाटीवरचं परवानाधारकाचं नाव आणि पत्ताही लिहा. ‘गावातली दारू बंद करा’ एवढंच लिहिलं, तर नंतर कोणतं दुकान यात मोडतं यावर महिने जातात. सोबत महिला सभेचा आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. सह्यांच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स ठेवा, पानांना क्रमांक द्या आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. दुकानदार कोर्टात गेला तर हे कागदच बोलतात.

तारखेबद्दल अर्जातच विनंती करा. बीडसारख्या ऊसतोडीच्या भागात दिवाळीनंतर निम्मं गाव कारखान्यावर असतं, ते परततं उन्हाळ्याच्या तोंडाला. कोकणात भातलावणीच्या आठवड्यात कोणी येणार नाही. शेजारच्या गावाचा आठवडी बाजारही टाळा.

प्रचारात बहुतेक जण व्यसनावर भाषण देतात. त्याची फारशी गरज नसते, बायकांना ते सगळं तुमच्याहून चांगलं माहीत असतं. वेळ द्यायचा तो त्यांच्या शंकांना. एक शंका हमखास येते: ‘दुकान बंद झालं की हा मोटरसायकलवर शेजारच्या गावाला जाईल आणि रात्री पिऊन येताना कुठेतरी पडेल.’ दुसरी, ‘हातभट्टी सुरू होईल.’ या शंका फेटाळू नका. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं मेली, हे लोक विसरलेले नाहीत. खरं उत्तर असं आहे: रोजच्या वाटेवरचं दुकान गेलं की पहिल्यांदाच पिणारी पोरं आणि उधारीवर पिणारे कमी होतात, अट्टल पिणारा थांबेलच असं नाही, आणि हातभट्टीवर वेगळी कारवाई करावी लागते. एवढं प्रामाणिकपणे सांगितलेली बाई दुसऱ्या दिवशी कोणी दिलेल्या साडीनं फिरत नाही. जिचा नवरा त्याच दुकानात कामाला आहे तिच्याशी मात्र हुज्जत घालू नका. तिचं मत तिचं आहे, आणि मतदान गुप्त आहे हे तिलाही सांगा.

मतपत्रिकेचा सराव हवाच. कागदावरचं चित्र पाहून म्हाताऱ्या बायका गोंधळतात; काहींना वाटतं, ‘उभं’ म्हणजे आपण दारूविरुद्ध उभ्या राहिलो. बैठकीत खरी रिकामी बाटली घ्या, सगळ्यांसमोर सतरंजीवर आडवी ठेवा आणि विचारा, ‘यातून आता पिता येईल का? सगळी सांडली ना? आडवी म्हणजे सांडली.’ हे एकदा पाहिलं की विसरत नाहीत. मग वहीच्या कागदावर दोन चित्रं काढून प्रत्येकीकडून शिक्का मारून घ्या. शिक्का चौकटीच्या आत, रेघेवर नाही, एकदाच. कागद घडी करताना ओली शाई पलीकडच्या चित्रावर उमटू नये म्हणून क्षणभर वाळू द्यायची. शाईचा अंगठा उठवायचा नाही, सही तर मुळीच नाही. वीस मतं बाद झाली आणि पंधरानं हरलो, असं सहज होऊ शकतं.

मतदानाच्या दिवशी सकाळी अकरापर्यंत निम्म्या जणी होऊन गेल्या पाहिजेत. दुपारी घरकाम, गुरं आणि ऊन आडवं येतं. गल्लीवाली बाई आपल्या चिठ्ठीवर खुणा करत जाते आणि दुपारी दोनला उरलेल्या नावांची यादी गाडीवाल्यांकडे देते. बाळंतीण, अंथरुणाला खिळलेली, वस्तीवर राहणारी, यांची सोय आदल्या दिवशीच ठरवा. मतमोजणीला अर्जदार महिलांचे प्रतिनिधी बसू द्यावेत, अशी लेखी मागणी आधीच देऊन ठेवा. बाद ठरलेली प्रत्येक मतपत्रिका त्यांनी पाहावी आणि हरकत असेल तर तिथल्या तिथे लेखी द्यावी.

आकडा पार झाला तर जल्लोष करा, पण बंदीच्या आदेशाची प्रत हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. दुकानाला सील लागताना पंचनाम्याला गावच्या दोन बायका पंच म्हणून असाव्यात. पुढच्याच ग्रामसभेत ग्रामरक्षक दलाचा विषय घ्या. दारूबंदी कायद्यात 2016 साली झालेल्या दुरुस्तीनं ते नेमता येतं, आणि चोरून दारू विकली गेल्याची खबर त्यांनी दिली की यंत्रणेला दखल घ्यावी लागते.

आणि 621 हवी असताना आकडा 590 वर अडकला तर त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, गल्लीवाल्या बायकांच्या चिठ्ठ्या गोळा करा. न आलेल्या प्रत्येक नावापुढे कारण लिहा: आजारी, शेतात, बाहेरगावी, घरच्यांनी येऊ दिलं नाही, यायचंच नव्हतं. पुढच्या अर्जाच्या वेळी घरोघर जायला सुरुवात या कागदापासून करायची.