जुनी प्रथा आरोग्याला घातक आहे का, कसं ओळखायचं आणि कशी बदलायची

बऱ्याचदा काय होतं, आरोग्याचं काम करणारी माणसं पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून टाकतात की तुमची ही पद्धत चुकीची आहे, बंद करा, मग लोक समोर माना डोलावतात आणि घरी जाऊन तेच करतात, फक्त आता लपून. म्हणून आधी नुसतं विचारा. कोण करतं, कशाने करतं, केलं नाही तर काय होईल असं वाटतं. आणि हे आजीला, दाईला विचारा, कारण घरात शब्द त्यांचाच चालतो, एकट्या सुनेला समजावून काही होत नाही.

मग बघा, नक्की त्रास कशाने होतोय. बाळंतिणीला चाळीस दिवस आराम देणं कितीतरी समाजांत आहे, ते उलट जपायला हवं. मनगटाला दोरा बांधला तर बांधू दे, त्यावरून वाद घालून विश्वास घालवू नका. पण चिकाचं दूध फेकणं, वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणं (बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषामुळे होणाऱ्या जीवघेण्या आजाराचा धोका असतो), नाळेला शेण नाहीतर माती लावणं (यातून धनुर्वात होऊन बाळ दगावतं), हे थांबलंच पाहिजे.

थांबवायचं म्हणजे अख्खी प्रथा मोडायची असं नाही, घातक तेवढंच काढायचं. नेपाळमध्ये नाळेला तेल-हळद लावायची सवय होती, तिथे काहीच लावू नका म्हणण्याऐवजी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचं मलम दिलं, लावायची सवय तशीच राहिली, फक्त लावायची वस्तू बदलली. मला हा मार्ग सगळ्यात पटतो. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हा मृतदेहाला हात लावून अंघोळ घालण्यातून लागण होत होती, सुरुवातीला पथकं यायची आणि देह उचलून न्यायची, मग लोक चिडले, आजारी माणसं लपवायला लागले. नंतर धर्मगुरूंना सोबत घेतलं, घरच्यांना सुरक्षित अंतरावरून प्रार्थना करू दिली, निरोप देता आला, तेव्हा कुठे लोक साथ द्यायला लागले.

काही ठिकाणी मात्र मधला मार्ग नसतोच. मुलींची खतना, म्हणजे त्यांच्या बाह्य जननेंद्रियाचा भाग कापणं, डॉक्टरने केली तरी इजा ती इजाच, जागतिक आरोग्य संघटनाही डॉक्टरांनी ती करायला विरोधच करते. पण इथे एकेका आईला समजावून भागत नाही कारण तिला भीती असते की माझ्याच मुलीचं लग्न जमणार नाही. सेनेगलमधल्या मालिकुंडा बांबारा गावच्या बायकांनी १९९७ मध्ये सगळ्यांसमोर जाहीर केलं की आम्ही हे सोडतोय, आणि पुढे ज्या गावांशी सोयरीक होते त्या गावांनाही सोबत घ्यायचं ठरलं. तुमच्याकडे अशी एखादी प्रथा लग्नाशी जोडलेली असेल तर आधी सोयरीक कुठेकुठे होते ती यादी काढा आणि त्या सगळ्या गावांतल्या बायकांना एकत्र बसवा.