पिस्टन पंप सुरू करण्याआधी केसमध्ये तेल भरा
ठाणे-नवी मुंबईतल्या वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथल्या प्रेस आणि मोल्डिंग मशीनवर तेल दाबाने ढकलणारा हायड्रॉलिक पंप बहुधा अ‍ॅक्सियल पिस्टन प्रकारचा दिसतो. शाफ्टबरोबर सिलिंडर ब्लॉक फिरतो, पिस्टनचे शू (टोकाचे सपाट पाय) तिरप्या स्वॉश प्लेटवर घसरतात. दर फेरीला प्रत्येक पिस्टन एकदा तेल ओढतो, एकदा ढकलतो. प्लेटचा कोन कमी केला की तेलही कमी.

शू आणि प्लेट यांच्यात तेलाचा काही मायक्रॉनचा थर असतो, सगळा भार त्यावरच. केस (पंपाचं बाहेरचं कवच) कोरडी असताना मोटर चालवली तर हा थर तयारच होत नाही आणि शू काही क्षणांत ओरबाडले जातात. म्हणून सर्वांत वरच्या ड्रेन पोर्टातून (आत झिरपलेलं तेल केसबाहेर जाण्याचं तोंड) गाळलेलं तेल काठोकाठ भरा. मग मोटरला एक झटका देऊन फिरण्याची दिशा तपासा.

ड्रेन लाइन स्वतंत्रपणे थेट टाकीत, तेलाच्या पातळीखाली सोडा. मशीनकडून टाकीत परतणाऱ्या रिटर्न लाइनला जोडली तर केसमधला दाब वाढून शाफ्ट सील जातं. ही चूक फार होते.

पंप खडखडतोय? आधी सक्शन स्ट्रेनर, म्हणजे तेल ओढणाऱ्या पाइपची जाळी, तुंबलाय का बघा. तेलाला फेस असेल तर सक्शनच्या जोडातून हवा शिरतेय. पावसाळ्यात तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. टाकीचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचं तोंड) तपासा.

पंप बदलायचा की नाही, हे ड्रेनचं तेल मोजून ठरवा: तोच दाब, तेच तापमान, एक मिनिट, मापाचं भांडं. तुलनेसाठी नव्या पंपाचा आकडा आधीच लिहून ठेवलेला असावा; ड्रेनचं तेल वाढलं म्हणजे आतली झीज वाढली.