पाइप गॅस, सिलिंडर की इंडक्शन? घरचा हिशोब असा मांडा

सोसायटीत पाइप गॅस आला की पहिला प्रश्न हाच, स्वस्त काय पडेल, आणि मग लोक सिलिंडरच्या किमतीशेजारी पाइप गॅसचा रेट ठेवून बघतात, पण एक किलोत आणि दुसरं एससीएममध्ये म्हणजे घनमीटरमध्ये, तुलना होणार कशी? ढोबळ आकडा लक्षात ठेवा, 14.2 किलोचा सिलिंडर म्हणजे साधारण 17-18 एससीएम. शेजाऱ्याच्या बिलातला कर धरून पडणारा रेट 18 ने गुणा आणि मग सिलिंडरची किंमत बघा.

इंडक्शनचा हिशोब मात्र बहुतेक जण चुकवतात. एका सिलिंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर करायला अंदाजे 120 ते 140 युनिट लागतात. पण ही युनिटं आधीच्या वापरावर चढतात ना, त्यामुळे महावितरणचं बिल असेल तर 100, 300, 500 युनिटचे टप्पे बघा, तुम्ही आज 250 ला असाल तर नवीन युनिटं बरीचशी 300 च्या पुढच्या महाग टप्प्यात पडणार. म्हणून सरासरी रेट धरू नका, नवीन युनिटं ज्या टप्प्यात पडतील त्याचा धरा. छतावर सोलर असेल तर गणित पार बदलतं, मग इंडक्शन घ्याच. नाहीतर, प्रदूषणाचा विचार करत असाल तर, आपल्या राज्यातली वीज अजून मुख्यतः कोळशावरच आहे हेही विसरू नका.

पुरवठ्याचं म्हणाल तर पाइप गॅस म्हणजे नैसर्गिक वायू, त्यातला समुद्रातल्या बॉम्बे हायचा गॅस उरणला किनाऱ्यावर येतो, बाकी बाहेरून जहाजाने एलएनजी म्हणजे थंड करून द्रव केलेला हाच वायू येतो, आपल्याकडे दाभोळला टर्मिनल आहे. देशातला गॅस वाटताना घरगुती पाइप गॅस आणि सीएनजीला प्राधान्य असतं. एलपीजी, म्हणजे सिलिंडरचा गॅस, मात्र निम्म्याहून जास्त आयात होतो.

कनेक्शनसाठी मुंबई, ठाणे, रायगडला महानगर गॅस, पुणे-पिंपरीत एमएनजीएल (महाराष्ट्र नॅचरल गॅस). आधी बिल्डिंगला उभी पाइपलाइन टाकलीय का ते विचारा, भाड्याच्या घरात मालकाची एनओसी घ्या. शेगडी तीच चालते, पण बर्नरला गॅस सोडणारे छोटे जेट बदलावे लागतात कारण पाइप गॅसचं प्रेशर कमी असतं, हे काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या, गल्लीतल्या मिस्त्रीकडून अजिबात नको. सिलिंडर परत करताना एजन्सीकडून टर्मिनेशन व्हाउचर मागून घ्या, डिपॉझिट परत मिळतं, त्यासाठी कनेक्शन घेताना मिळालेलं जुनं सबस्क्रिप्शन व्हाउचर शोधून ठेवा.

आणि वास आला तर? एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, पाइप गॅस हलका, वर छताकडे जातो, म्हणून ओट्यावरची वरची खिडकी कधीच पक्की बंद करू नका. वास येताच व्हॉल्व्ह बंद, दारं-खिडक्या उघड्या, लाइटच्या बटणाला हात लावायचा नाही, चालू असलेलं बंदही करायचं नाही, आणि घराबाहेर येऊन फोन करा, सिलिंडर असेल तर 1906, पाइप गॅस असेल तर बिलावरचा इमर्जन्सी नंबर, तो आजच मोबाइलमध्ये सेव्ह करून टाका.