खाडीकाठी सगळ्यांना घेऊन पक्षी बघायला जाताना

नेरुळच्या खाडीकाठी मी दर हिवाळ्यात ओळखीपाळखीची मंडळी घेऊन पक्षी बघायला जाते. आत्या व्हीलचेअरवर असते, एक मित्र दृष्टिहीन आहे, दोघी मैत्रिणी कर्णबधिर. ‘तुम्ही इथेच बसा, आम्ही बघून येतो’ असं त्यांना कुणी म्हटलेलं मला अजिबात चालत नाही. तुम्हालाही असा फेरफटका आखायचा असेल, तर तारीख ठरवण्याआधी वाट मोजून या.

सोबत टेप न्या. बागांच्या फाटकात दुचाक्या शिरू नयेत म्हणून खांब रोवलेले असतात. त्यांच्यामध्ये निदान 90 सेंमी जागा हवी. उतार 1:12 हवा, म्हणजे 15 सेंमीच्या पायरीला 180 सेंमी लांबीचा. त्याहून उभा असला की ढकलणाऱ्याचा दम निघतो आणि बसलेल्याचा जीव मुठीत. स्वच्छतागृहाची पाटी बघून परतू नका, दार उघडून बघा. कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे असते ते विचारा. जे खटकेल त्याचा फोटो आणि माप जोडून पालिकेला लेखी कळवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा उल्लेख जरूर करा. आपण उपकार मागत नाही.

मग जे दिसलं ते येणाऱ्यांना जसंच्या तसं सांगा: फाटकापासून पहिला बाक किती मीटरवर, सावली कुठे, रस्ता कुठे उखडलाय. ‘रस्ता सोपा आहे’ एवढ्यावरून कुणालाच काही ठरवता येत नाही.

वेळ मात्र भरती बघूनच ठरवा. ओहोटीला फ्लेमिंगो चिखलात लांबवर पांगतात. पाणी चढू लागलं की ते काठाकडे सरकतात, आणि ज्याला चालता येत नाही त्याच्याही नजरेच्या टप्प्यात येतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा अंदाज मिळतो: द्वादशीला नऊच्या सुमारास. त्या दिवशी सातलाच जागेवर बसलेलं बरं.

दृष्टिहीन मित्राला मी नुसती वर्णनं ऐकवत नाही. तिवराच्या पानावरून बोट फिरवायला देते. ते झाड पानांतून मीठ बाहेर टाकतं, त्याची खर बोटाला लागते. भारद्वाजाचा घुमणारा आवाज तर बऱ्याचदा आमच्याआधी तोच टिपतो. तेवढा वेळ बाकीच्यांनी गप्प राहायचं.

कर्णबधिर मैत्रिणी असल्या की आधी सांगा, मग दुर्बीण द्या. खुणा आणि पक्षी एकाच वेळी कसे बघणार? बोलताना उन्हाकडे तोंड करून उभे राहा, म्हणजे ओठ नीट दिसतात. आणि प्रश्न त्यांनाच विचारा, सोबत आलेल्याला नाही.

दुर्बिणीचा स्टँड मी पहिल्यांदा आत्याच्या डोळ्यांच्या उंचीला लावते. उभ्या माणसांना वाकता येतं.