लॅटिनो माध्यमांचा अभ्यास पदवीला कसा करावा

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत ६ कोटी २१ लाख लोकांची नोंद हिस्पॅनिक किंवा लॅटिनो, म्हणजे स्पॅनिशभाषक किंवा लॅटिन अमेरिकी मुळं असलेले, अशी झाली. या समाजाची वर्तमानपत्रं, रेडिओ, टीव्ही वाहिन्या आणि पॉडकास्ट यांचा अभ्यास तिथल्या कित्येक विद्यापीठांत पदवीलाच करता येतो. जनसंवाद शिकायला तिकडे निघालेल्या किंवा तिकडेच वाढलेल्या मराठी मुलामुलींनी या विषयाकडे जरूर पाहावं. फक्त ‘हॉलिवूडमध्ये लॅटिनो किती दिसतात’ एवढाच हा विषय असेल असं धरून चालू नका. तो त्यातला सगळ्यात सोपा आणि चावून चोथा झालेला भाग आहे.

१. कॅटलॉग नीट वाचा

कॅटलॉग म्हणजे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांची आणि नियमांची यादी. आपल्याकडे बारावीनंतर शाखा ठरली की ठरली. तिथे बहुतेक ठिकाणी मुख्य विषय दुसऱ्या वर्षाअखेरपर्यंत जाहीर केला तरी चालतो आणि जोडीला ‘मायनर’, म्हणजे दुय्यम विषय घेता येतो. लॅटिनो माध्यमं बऱ्याचदा अशी मायनर म्हणून भेटतात. काही वर्ग जनसंवाद विभागात, काही लॅटिनो किंवा चिकानो (मेक्सिकन वंशाचे अमेरिकी) अभ्यास विभागात. विद्यापीठ निवडताना एक गोष्ट मुद्दाम बघा: विद्यार्थी स्वतः स्पॅनिशमधून काही चालवतात का? शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात ‘ला डीपॉलिया’ हे वृत्तपत्र आहे, कॅलिफोर्निया स्टेटच्या नॉर्थरिज विद्यापीठात ‘एल नुएवो सोल’ हे बातम्यांचं संकेतस्थळ. ठरल्या वेळेत बातमी द्यावी लागली की जे कळतं, ते वर्गात बसून कळत नाही.

२. स्पॅनिश आजच सुरू करा

इंग्रजीवर भागेल का? गुणांपुरतं कदाचित भागेल, पण रेडिओ कळणार नाही. पुण्यात विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात, स्पॅनिशचे वर्ग चालतात. निघण्याआधी वर्षभर मिळालं तरी पुष्कळ. तिथे गेल्यावर घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांसाठीच्या वर्गात मात्र नाव घालू नका. त्यांना बोलता येतं, लिहायला शिकायचं असतं; तुमची अडचण वेगळी. कान तयार करायला ‘रेडिओ अँब्युलांते’ हे पॉडकास्ट उत्तम. ऐकताना अडलं तर संकेतस्थळावर लेखी संहिता असते.

३. मालक कोण, ते आधी शोधा

पडद्यावर काय दिसतं यापेक्षा पडद्यामागे पैसा कुणाचा, इथून सुरुवात केलीत तर बाकीचं पटकन उलगडतं. टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओत राउल कोर्टेझ यांनी १९५५ मध्ये केसीओआर हे स्पॅनिश टीव्ही केंद्र सुरू केलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते मेक्सिकोतल्या टीव्ही व्यवसायातल्या आस्कारागा घराण्याशी जोडलेल्या गटाकडे गेलं आणि त्यातून ‘स्पॅनिश इंटरनॅशनल नेटवर्क’ उभं राहिलं. कार्यक्रम मेक्सिकोत तयार व्हायचे, प्रेक्षक अमेरिकेत. अमेरिकी कायद्यात प्रसारण परवान्यांवरच्या परकीय मालकीला मर्यादा आहे. याच मुद्द्यावर १९८६ मध्ये संघीय दूरसंचार आयोगाच्या न्यायाधीशाने परवान्यांचं नूतनीकरण नाकारलं आणि केंद्रं विकावी लागली. घेतली कुणी, तर शुभेच्छापत्रं छापणाऱ्या हॉलमार्क कंपनीने! पुढे १९८७ मध्ये नेटवर्कचं नाव ‘युनिव्हिजन’ झालं, आणि २०२२ मध्ये त्याच आस्कारागा घराण्याच्या ‘तेलेव्हिसा’ या मेक्सिकन कंपनीचा कार्यक्रमनिर्मितीचा व्यवसाय पुन्हा त्यालाच येऊन मिळाला. प्रतिस्पर्धी ‘टेलेमुंडो’ २००२ पासून एनबीसी या इंग्रजी नेटवर्कच्या घरात आहे.

तुम्ही निवडलेल्या केंद्रासाठी असंच एक टिपण करा: मालक, जाहिरातदार, कार्यक्रम बनतात ते शहर. परवानाधारक केंद्राला मालकीचा तपशील आणि राजकीय जाहिरातींच्या नोंदी आयोगाच्या संकेतस्थळावर खुल्या ठेवाव्या लागतात. फुकट मिळणारी इतकी चांगली सामग्री न वापरणं म्हणजे कपाळकरंटेपणा.

४. सकाळचा रेडिओ ऐका

२००६ साली राहण्याची कायदेशीर कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना गुन्हेगार ठरवू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध शिकागोत १० मार्चला सुमारे एक लाख लोक रस्त्यावर आले, २५ मार्चला लॉस एंजेलिसमध्ये लाखोंचा मोर्चा निघाला. इंग्रजी माध्यमं चकित झाली, कारण हाक स्पॅनिश रेडिओवरून गेली होती. शिकागोत ‘एल पिस्तोलेरो’ आणि लॉस एंजेलिसमध्ये ‘पिओलिन’ या नावांनी ओळखले जाणारे सकाळचे निवेदक एरवी थट्टामस्करी करणारे. तेच आता श्रोत्यांना मोर्चाला बोलावत होते. पांढरे कपडे घाला, अमेरिकेचा झेंडा आणा, असं पिओलिन सांगत होता. संघटनांनी आधीच उभारलेल्या कामाला यामुळे केवढं बळ मिळालं, यावर आजही निबंध लिहिता येईल.

तुम्हीही एकच सकाळचा कार्यक्रम धरा आणि रोज ठरल्या वेळी ऐका. फोन कोण करतं, कुठलं गाव सांगतं, तक्रार कशाची, विनोद कुठे थांबतो, सगळं लिहा.

५. एक बातमीपत्र वहीत उतरवा

एकाच संध्याकाळची स्पॅनिश आणि इंग्रजी राष्ट्रीय बातमीपत्रं घ्या. रकाने पाच: बातमी, सेकंद, ठिकाण, बोलणारा कोण, आणि आवाज त्याचा स्वतःचा की वर भाषांतर चढवलेलं. शेवटचा रकाना विसरू नका. सिनेटरचा आवाज दबतो की शेतमजुराचा, हे तिथेच दिसतं. प्राध्यापकांकडे जाताना हा तक्ता घेऊन जा. मत नंतर सांगा.

६. माणसांकडे जाताना

शिकागोत असाल तर पिल्सन आणि २६व्या रस्त्यावरची ‘ला व्हिलिता’ या मेक्सिकन वस्त्या जवळ आहेत. पण माणसांवर संशोधन करायचं तर त्याला विद्यापीठाच्या संशोधन-नीती मंडळाची परवानगी लागते का, हे मार्गदर्शकांना आधी विचारा. ‘तुमच्याकडे कागदपत्रं आहेत का’ हा प्रश्न विचारायचाच नाही. कुणी आपणहून सांगितलं तर रेकॉर्डिंग थांबवा, तो तुकडा पुसा आणि वहीत नावाऐवजी खूण वापरा.

७. इंटर्नशिप

राष्ट्रीय हिस्पॅनिक पत्रकार संघटनेच्या विद्यार्थी शाखा बऱ्याच विद्यापीठांत आहेत. तिथे ओळखी होतात. तुम्ही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल, तर पदवीच्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करण्याची परवानगी साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळते. ती आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून कागदावर आल्याशिवाय स्टुडिओत कामाला बसू नका. काम बिनपगारी असलं तरी आधी विचारा.